मुखपृष्ठावरचे सिंह: एका वार्षिक अहवालाच्या मांडणीचा अनुभव

राज्य शासनाच्या एका वैधानिक मंडळात प्रकाशनाचे काम माझ्याकडे आले ते माझ्या कोणत्याही विशेष पात्रतेमुळे नव्हे. हे काम वर्षानुवर्षे पाहणारे सहकारी निवृत्त झाले, त्यांचे पद भरले गेले नाही, आणि मला संगणकावर मराठी टंकलेखन बरे जमते एवढ्या आधारावर त्यांची नस्ती माझ्या टेबलावर सरकली. मंडळाचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो, त्यामुळे तो अधिवेशनापूर्वी छापून होणे एवढीच एक गोष्ट आजवर महत्त्वाची मानली गेली होती आणि त्याच्या रूपाविषयी कोणी फारसे बोलत नसे. या खेपेस मात्र नव्याने रुजू झालेल्या सदस्य सचिवांनी माझ्या पहिल्याच टिपणीवर शेरा लिहिला की अहवालाचे स्वरूप शासकीय प्रकाशनास साजेसे, एकसारखे व नियमानुसार असावे. त्यातील ‘साजेसे’ आणि ‘एकसारखे’ या शब्दांचा अर्थ मला लागला. ‘नियमानुसार’ म्हणजे नेमके कोणत्या नियमानुसार, हे शोधण्यात पुढचे चार महिने गेले.

माझी समजूत अशी होती की शासकीय प्रकाशन कसे दिसावे याची एखादी पुस्तिका असेल, ती मागवून घ्यावी आणि तिच्याप्रमाणे काम करावे. प्रशासकीय विभागाकडे विचारणा केली तेव्हा दूरध्वनीवरून ‘मागच्या वर्षीचा अहवाल पाहा’ एवढेच उत्तर मिळाले, आणि मागच्या वर्षीचा अहवाल त्याच्याही मागच्या वर्षीचा पाहून केलेला होता. केंद्र शासनाच्या संकेतस्थळांना एकसारखे रूप यावे म्हणून केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक सविस्तर नियमपुस्तिका काढली आहे आणि तिच्यात रंगांपासून अक्षरांपर्यंत सगळे ठरवून दिलेले आहे. परंतु ती केंद्राच्या डिजिटल व्यवहारासाठी आहे, राज्यातील एका मंडळाच्या छापील अहवालासाठी नाही. आम्हाला लागू असलेल्या गोष्टी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या निघाल्या. राजचिन्हाचा कायदा वेगळा, ध्वजाचा वेगळा, नकाशाचा वेगळा, अक्षरांसाठी शासन निर्णय, संकेतस्थळासाठी मार्गदर्शक तत्त्वे, आणि छापून झालेल्या प्रती कोठे पाठवायच्या याचा आणखी एक जुना अधिनियम. त्या सगळ्यांची एक यादी करून मी नस्तीच्या आतल्या बाजूस चिकटवली, आणि ती यादी हाच पुढे आमचा नियमग्रंथ ठरला.

सुरुवात मुखपृष्ठापासून झाली, कारण तेच सर्वांत वाईट होते. वरच्या भागात मधोमध भारताचे राजचिन्ह छापलेले असे. आमच्या कार्यालयात त्याला राजचिन्ह कोणी म्हणत नाही. कोणी ‘अशोकस्तंभ’ म्हणतो, कोणी ‘राजमुद्रा’, आणि राजमुद्रा म्हटले की नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा येते, त्यामुळे छपाईच्या सूचना देताना घोटाळा ठरलेलाच. मी मागील नऊ वर्षांची मुखपृष्ठे एका ओळीत मांडून भिंगाखाली पाहिली. पहिल्या वर्षीचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. पुढे दर वर्षी आदल्या वर्षीच्या मुखपृष्ठावरून ते स्कॅन करून घेतले जात होते, आणि नवव्या वर्षापर्यंत सिंहांच्या आयाळीचे काळे डाग झाले होते, पट्टीवरचा घोडा व बैल यांत फरक उरला नव्हता आणि खालच्या ‘सत्यमेव जयते’ या अक्षरांची एक करडी रेघ झाली होती. एका वर्षी तर जागा पुरत नाही म्हणून ती रेघही कापलेली होती.

हे चित्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेले आहे आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते स्वीकारले गेले, एवढे शाळेत शिकलेले होते. मूळ शिल्पात चार सिंह आहेत, चित्रात तीन दिसतात. पट्टीच्या मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, आणि खालचे घंटेच्या आकाराचे कमळ चित्रात घेतलेले नाही. मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे शब्द देवनागरीत खाली असल्याशिवाय हे चिन्ह पूर्ण होत नाही, ही बाब मात्र मी राजचिन्हाच्या वापराचे नियम वाचले तेव्हाच मला कळली. हे नियम २००७ चे आहेत आणि ते ज्या अधिनियमाखाली केलेले आहेत तो २००५ चा आहे. त्या अधिनियमाच्या अनुसूचीत चिन्हाच्या दोन आकृती दिलेल्या आहेत: एक सोपी केलेली, पत्रशीर्षे व शिक्के यांसारख्या लहान आकारासाठी, आणि दुसरी बारकाव्यांसह, मोठ्या आकारासाठी. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. मोठी आकृती लहान करून पत्रशीर्षावर बसवलेली आणि लहान आकृती ताणून मुखपृष्ठावर. मी योग्य आकृती मिळवली, ती रेषाचित्राच्या स्वरूपात तयार करून घेतली, भोवती पुरेशी मोकळी जागा सोडली, ब्रीदवाक्य वाचता येईल एवढे ठेवले, आणि नवे मुखपृष्ठ मोठ्या समाधानाने विभागाकडे पाठवले.

आठ दिवसांनी विभागातील अवर सचिवांनी बोलावले. त्या मितभाषी होत्या. मुखपृष्ठाचा नमुना समोर ठेवून त्यांनी विचारले, “चित्र चांगलं आणलंय तुम्ही. पण हे सिंह तुम्हाला दिले कोणी?” मला प्रश्नच समजला नाही. “मॅडम, पहिल्यापासून आहेत,” मी म्हटले. त्यावर त्यांनी नियमांची प्रत माझ्याकडे सरकवली आणि दहाव्या नियमावर पेन्सिलीने खूण केली.

तो नियम मी वाचला होता, पण माझ्यासाठी लिहिलेला आहे असे समजून वाचला नव्हता. त्यात म्हटले आहे की या नियमांनी ज्यांना अधिकृत केलेले नाही असा कोणताही आयोग वा समिती, सार्वजनिक उपक्रम, बँक, नगरपरिषद, पंचायत राज संस्था, परिषद, अशासकीय संस्था किंवा विद्यापीठ यांनी राजचिन्ह कोणत्याही प्रकारे वापरू नये. कोणी वापरावे हे त्या नियमांत व अनुसूचींत सांगितलेले आहे, आणि त्यात न बसणाऱ्याने वापरले तर अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आम्ही शासनाने कायदा करून स्थापन केलेले मंडळ आहोत, आमचे वेतन शासनाच्या अनुदानातून होते, आमच्या दारावर शासकीय वेळापत्रक लावलेले असते, म्हणून आम्ही स्वतःला शासन समजत होतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने मंडळ ही स्वतंत्र निगम संस्था आहे. तिच्यावर दावा लावायचा तर तिच्याच नावाने लावावा लागतो. राजचिन्ह हे भारत सरकारची आणि अधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्यांची ओळख आहे, सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयाची नाही. हा फरक मला सेवेत अकरा वर्षे काढल्यावर, एका मुखपृष्ठामुळे कळला.

कार्यालयात परतल्यावर ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणाचाच विश्वास बसेना. लेखा शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे मूक संमती आहेच. दुसऱ्यांनी मधला मार्ग सुचवला, “ताई, मग केंद्राचं नको, राज्याचं टाका ना, समईचं.” महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत मधोमध समई आहे, भोवती कमळे आहेत आणि ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दांनी सुरू होणारा मजकूर आहे; दिसायला ती मला राजचिन्हापेक्षाही अधिक आवडते. पण प्रश्न सौंदर्याचा नव्हताच. ज्या कारणासाठी सिंह उतरवायचे त्याच कारणासाठी समई चढवता येत नव्हती, कारण तीही शासनाची ओळख होती आणि मंडळाची नव्हती. शेवटी मंडळाच्या स्थापनेच्या वेळी ठरावाने स्वीकारलेले, आणि नंतर सर्वांच्या विस्मरणात गेलेले, मंडळाचे स्वतःचे बोधचिन्ह जुन्या इतिवृत्तात सापडले. तेच मुखपृष्ठावर घ्यावे आणि त्याखाली मंडळाच्या नावासोबत ‘महाराष्ट्र शासन अंगीकृत’ असे शब्दांत लिहावे, असा प्रस्ताव मी सादर केला. त्या नस्तीला मंजुरी मिळायला पाच आठवडे लागले आणि तिच्यावर अकरा सह्या झाल्या. या पाच आठवड्यांविषयी माझी तक्रार नाही; ज्या गोष्टीने कार्यालयाचा चेहरा बदलतो तिच्यावर जास्त सह्या असाव्यात असेच माझे मत आहे.

दरम्यान मांडणीचे काम करणाऱ्या मुलाने, जो कामात तरबेज होता पण सरकारी कामाला नवखा होता, रिकाम्या झालेल्या जागेत तिरंग्याची एक लहरती फीत टाकून तिच्यावर ‘वार्षिक अहवाल’ ही अक्षरे चढवली. दिसायला ते नक्कीच उठावदार होते. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या अधिनियमात ध्वजावर कोणत्याही प्रकारची अक्षरे लिहिणे हा अवमान मानलेला आहे, आणि ध्वज म्हणजे केवळ कापडी ध्वज नव्हे तर त्याचे किंवा त्याच्या भागाचे कोणतेही चित्रसुद्धा, अशी व्याख्या केलेली आहे. फीत म्हणजे ध्वजाचा भाग होतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. आम्हाला तो वाद ओढवून घेण्याचे काही कारण नव्हते. फीत गेली.

यानंतर जो विषय निघाला त्याने सर्वांत जास्त दिवस घेतले आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त आनंदही त्यानेच दिला. नव्या मुखपृष्ठाचा नमुना घेऊन मी आमच्या मुद्रितशोधक काकांकडे गेले. ते निवृत्त आहेत आणि अहवालापुरते मानधनावर येतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “हा अहवाल मराठी नाही.” मजकूर न वाचताच असे कसे म्हणता, असे मी विचारल्यावर त्यांनी ‘अहवाल’ या शब्दातील शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले. तो ल उजवीकडे उभा दंड असलेला होता, हिंदीत छापतात तसा. मराठीचा ल पाकळ्यांचा असतो, मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना झुललेला. मलपृष्ठावरील ‘प्रकाशन’ या शब्दातील श हादेखील मराठी वळणाचा, म्हणजे देठाचा, नव्हता. देवनागरी वर्णमालेविषयीच्या राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे धरलेली आहेत, त्यामुळे हा नुसता काकांच्या आवडीचा प्रश्न राहिला नाही.

गंमत अशी की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन्ही ल-ना एकच संकेतांक आहे. टंकलेखन करणारा एकच कळ दाबतो. पाकळीचा ल उमटतो की दंडाचा, हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच मराठी रूप बाहेर येते. आमच्या मांडणीकाराने भाषा इंग्रजीच ठेवली होती, कारण त्याशिवाय त्याला लाल नागमोडी रेघांचा त्रास होई. भाषा बदलताच एकशे बारा पानांतील हजारो ल आणि श एका क्षणात वळण बदलून उभे राहिले. पडद्यावर ते घडताना काका आणि मी दोघेही पाहत होतो. काका काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी चष्मा खाली घेतला.

पण सगळेच इतके सोपे नव्हते. अहवालाची काही प्रकरणे जिल्हा कार्यालयांकडून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली आली होती. त्या फॉन्टांत अक्षरांचे फक्त आकार असतात. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत बसलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची रास दिसते. रूपांतरकातून काढल्यावर बहुतेक मजकूर ठीक आला, पण अर्धा र गडबडला. ‘अधिकाऱ्यांचा’ याऐवजी ठिकठिकाणी ‘अधिकार्यांचा’ असे झाले. हे छापखान्यातल्या धुळीसारखे किरकोळ वाटेल. परंतु एका प्रकरणात वसतिगृहांतील स्वयंपाक करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख होता आणि तेथे ‘आचाऱ्यांना’ याचे ‘आचार्यांना’ झाले होते. विधिमंडळापुढे जाणाऱ्या कागदात आम्ही आचार्यांना भाजी चिरण्याचे प्रशिक्षण दिल्याचे नमूद केले असते. हे अक्षर योग्य संकेतांकाने, म्हणजे खाली टिंब असलेल्या र-चा पाय मोडून, टंकले तर ते टिकते. रूपांतरक त्याऐवजी साध्या र-पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो, आणि मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते जोडचिन्ह गळून पडते. मी शोध घेऊन एकूण चारशेसतरा जागा दुरुस्त केल्या. यंत्राकडून सरसकट बदल करून घेण्याचा मोह झाला होता, पण तसे केले असते तर ‘कार्य’, ‘पर्याय’ आणि ‘आचार्य’ हे खरे शब्दही बिघडले असते.

ओळींमधील अंतराचे दुखणे वेगळेच. मांडणीकाराने जो साचा घेतला होता तो इंग्रजी मजकुरासाठी बनवलेला होता. इंग्रजी अक्षरांना खाली-वर थोडेच काही लागते. मराठीत एकाच ओळीच्या डोक्यावर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षरांचे थर. ‘दृष्टिकोन’मधला दृ खालच्या ओळीतील ‘वार्षिकी’च्या वेलांटीत अडकून बसला होता. ओळींचे अंतर वाढवले तर एकशे बारा पानांची एकशे एकोणतीस झाली आणि खर्च वाढला म्हणून लेखा शाखेने हरकत घेतली. अखेर पाने वाढली ती वाढली. संदेशांची पाने कमी करून आम्ही थोडी भरपाई केली. अंकांच्या बाबतीत मात्र निर्णय लगेच झाला. संघराज्याच्या कामकाजासाठी अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप घ्यावे असे संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये आहे, आणि तोच दाखला देऊन कोणी तरी तक्त्यांत 1, 2, 3 असे आंतरराष्ट्रीय अंक ठेवावेत असे सुचवले होते. पण तो अनुच्छेद संघाच्या कामकाजाविषयी आहे, आमचा अहवाल राज्याच्या राजभाषेत आहे. मजकुरातही देवनागरी आणि तक्त्यांतही देवनागरी असे ठरले, आणि स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे. मूळ तक्त्यांत सॉफ्टवेअरने ते तीन-तीन अंकांवर टाकले होते, त्यामुळे पंचवीस लाखांची रक्कम वाचताना माणूस क्षणभर थबकत असे.

संदेशांची पाने कमी करणे हे मी वर एका वाक्यात लिहिले, प्रत्यक्षात ते तसे झाले नाही. जुन्या अहवालांत सुरुवातीची नऊ पाने छायाचित्रे व शुभेच्छासंदेशांची असत, आणि कोणाचे छायाचित्र कोणापेक्षा किती मोठे यावर स्वतंत्र पत्रव्यवहार झालेला मी नस्तीत वाचला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ च्या निर्णयात शासकीय जाहिरातींत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत असे म्हटले होते, आणि पुढे मार्च २०१६ मध्ये पुनर्विलोकनात राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही मुभा दिली. अहवाल ही जाहिरात नव्हे, त्यामुळे तो निर्णय आम्हाला थेट लागू होत नव्हता; तरीही लोकांच्या पैशाने छापलेल्या कागदावर व्यक्तीची प्रतिमा किती असावी या प्रश्नाला त्याने एक दिशा दिली होती, आणि मी टिपणीत तेवढ्यापुरताच त्याचा आधार घेतला. नऊ पानांची दोन झाली. कोणी उघड विरोध केला नाही, पण काही दिवस माझ्या इतर नस्त्या जरा सावकाश पुढे सरकल्या.

नकाशाबाबत मी आधीच धसका घेतला होता. आमच्या अहवालात देशातील अशा मंडळांची ठिकाणे दाखवणारा भारताचा एक नकाशा असतो आणि तो कोणी तरी इंटरनेटवरून उतरवून घेतलेला होता. त्यात तेलंगण नव्हते, म्हणजे तो २०१४ च्या आधीचा असावा, आणि उत्तरेकडील सीमेवर तुटक रेषा होत्या. भारतीय सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली सहा महिन्यांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. मी सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून नवा आराखडा करून घेतला. राज्याच्या नकाशातही काम निघाले: जिल्हे ३५ होते, पालघर वेगळा झालेला दाखवला नव्हता, आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर ही नावे तक्त्यांत नवी, नकाशात जुनी अशी होती. मागील वर्षांची आकडेवारी देताना काय करायचे हा प्रश्न उरला. तळटीप देऊन सर्वत्र सध्याचेच नाव वापरायचे, फक्त जुन्या शासन निर्णयांची शीर्षके उद्धृत करताना ती होती तशीच ठेवायची, असे आम्ही ठरवले.

छपाईला देण्यापूर्वीची शेवटची अडचण अगदी कार्यालयीन होती. दर वर्षी अहवालाच्या अंतिम प्रतीवर सही-शिक्के होत, ती प्रत स्कॅन होई आणि तीच संकेतस्थळावर चढवली जाई. म्हणजे ल, श आणि अर्धा र यांवर एवढे श्रम घेऊन शेवटी वाचकाला मिळणार होते ते पानांचे फोटो, ज्यांत शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या वाचक-सॉफ्टवेअरला एक अक्षरही सापडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आल्यापासून आणि शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तयार झाल्यापासून हे चालण्यासारखे नव्हते. सहीचे एक पान वेगळे स्कॅन करून ठेवायचे आणि बाकी अहवाल मांडणीच्या फाइलमधूनच, शीर्षके व तक्ते यांची खूणगाठ आत बांधून, पीडीएफ करायचा असा तोडगा निघाला. त्याच वेळी रंगही तपासले. प्रकरणांची शीर्षके केशरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होती. सुगम्यतेच्या निकषाप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजाचे गुणोत्तर नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ असावे लागते. आमचे जेमतेम २ च्या वर होते. अक्षरे गडद निळी केली. एका सदस्यांना त्यात रंगांपलीकडचा अर्थ दिसला. त्यांना मी गुणोत्तराचा कागद दाखवला.

अहवाल छापून आला तो अधिवेशनाच्या अकरा दिवस आधी. पटलावर ठेवण्याच्या प्रती गेल्यावर मी माझ्या यादीतील शेवटची ओळ हाती घेतली. १९५४ च्या अधिनियमाप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते, आणि केवळ कार्यालयीन वापराची पुस्तके वगळता शासकीय प्रकाशनांनाही हा अधिनियम लागू आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्व नकाशे व चित्रांसह, उत्तम कागदावरची आणि नीट बांधलेली असावी असेही त्यात आहे. आमच्या आवक-जावक शाखेत अशा पाठवणीची एकही नोंद सापडली नाही. मी गठ्ठ्यातून चार प्रती निवडल्या, प्रत्येकीची सगळी पाने उलटून पाहिली आणि कोलकात्यासाठी सर्वांत चांगली बांधणी असलेली ठेवली. जुन्या नऊ वर्षांच्या प्रतीही उशिराने का होईना पाठवाव्यात, असे मला आधी वाटले होते. मग त्यांच्या मुखपृष्ठांवरचे सिंह आठवले आणि त्याविषयी वेगळी टिपणी लिहून मी मार्गदर्शन मागितले.

राहता राहिली जुनी सामग्री. राजचिन्ह छापलेली पत्रशीर्षे भांडारात सहा रीम शिल्लक होती. भांडारपालांचे म्हणणे पडले की पाठ कोरी आहे, टिपण्यांना वापरू. मी नाही म्हटले, आणि दोन साक्षीदारांसमोर ती कात्रण यंत्रातून काढून साठा नोंदवहीत तशी नोंद घेतली. तीन रबरी शिक्के कात्रीने कापून टाकले. प्रवेशद्वारावरच्या पितळी फलकावर मात्र ते तीन सिंह अजून आहेत. फलक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जडसंग्रह नोंदवहीत आहे की आमच्या, यावर पत्रव्यवहार चालू आहे, आणि दर सोमवारी शिपाई मामा चिंच लावून ते घासून लखलखीत करतात.